नाव ठेवायला अक्का यायच्या होत्या

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरी गॅलरीत झोक्याचा दोर तपासत होते. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, अजून लांब होती, पण दर वर्षी मला घाई होते. दोर कुजला असेल, कडी सैल झाली असेल, आणि आमच्या अक्का ऐंशी ओलांडल्या तरी माहेरी येऊन झोक्यावर बसल्याशिवाय राहायच्या नाहीत. फोनवर देवपूरच्या मंगलबाई होत्या, अक्कांच्या शेजारीण. म्हणाल्या, "ताई, आधी बसून घ्या." फोन असा सुरू झाला की पुढचं काही सांगावं लागत नाही. मी बसले ती झोक्यावरच. झोका हलायला लागला, तो पाय टेकवून थांबवला... एवढं लख्ख आठवतं. बाकी मंगलबाई काय काय बोलल्या त्यातलं एकच वाक्य राहिलं. दुपारी जेवून "जरा पडते" म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत.

आत खोलीत माझी नात रेवती कॉम्प्युटरपुढे बसली होती. तिला हे कसं सांगायचं, याची मला मरणाच्या बातमीपेक्षा जास्त धास्ती वाटली. कारण अक्का आखाजीला येणार होत्या त्या फक्त आंबरस-मांडे खायला नाही. त्या रेवतीच्या तिसऱ्या बाळाचं नाव ठेवायला येणार होत्या. घाबरू नका, माझ्या नातीचं लग्न झालेलं नाही. बाळ म्हणजे काय ते सांगते, पण आधी अक्का कोण ते सांगायला हवं.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. चोपड्याकडच्या आमच्या गावात, केळीच्या बागांत वाढलेल्या. एसटीतल्या कंडक्टरशी लग्न होऊन धुळ्याला, पांझरेपलीकडे देवपुरात गेल्या आणि तिथल्याच होऊन राहिल्या. मी मूळची देवपूरची, लग्न होऊन त्यांच्या गावात गेले. म्हणजे आम्ही दोघींनी गावांची अदलाबदल केली होती. फरक एवढाच, की त्या देवपुरात जाऊनही खेड्यातल्याच राहिल्या, आणि मी खेड्यात जाऊन जास्तच देवपूरची झाले! अकरावी पास होते हो मी. ट्रंकेत तीन कादंबऱ्या, पावडरचा डबा आणि डोक्यात हवा. पहिल्या आखाजीला सासूबाईंनी खापरावर मांडे करायला बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडं. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि त्या तापल्या खापरावर टाकायची. माझा मांडा चुलीत गेला. त्यावर मी काय म्हणावं? "आमच्याकडे पोळीला तवा असतो." सगळ्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या. अक्का तेवढ्या हसल्या. म्हणाल्या, "देवपूरवाली, तवा तुनाकडे, मांडा मनाकडे. बठ ते खरं." आणि मला शेजारी ओढून बसवलं. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. स्वतः देवपुरात राहून मलाच देवपूरवाली म्हणत राहिल्या.

त्यांना मूल झालं नाही. पण आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यांनी ठेवलं, कारण आत्याचा तो मान. बारशाच्या दोन दिवस आधी त्या येत आणि सगळ्यांनी सुचवलेली नावं ऐकून घेत. मग दिवेलागणीला दारात उभ्या राहून एकेक नाव गल्लीत मोठ्याने हाकारत. कोणी हजर नाही, मूल तर पाळण्यात झोपलेलं, आणि ही बाई उंबऱ्यावरून ओरडते आहे! त्यांचं म्हणणं साधं होतं. नाव पुढे आयुष्यभर सांजच्याला दारातूनच हाक मारायला लागतं, मग ते तिथेच पारखायला नको? एखादं नाव घशात अडकायचं, एखादं दोन घरांपुढे जायचंच नाही. त्या मान हलवून पुढचं घ्यायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी आत दार लोटून, कानांत बोटं घालून बसायचे. शिकलेल्या बाईला शोभेल अशी जागा शोधली होती मी, धान्याच्या कणगीमागे.

माझी पहिली दोन मुलं राहिली नाहीत. एक बारशाआधीच गेलं, एक दात यायच्या आधी... त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिसरा मुलगा झाला तेव्हा मी त्याच्यासाठी प्रियदर्शन हे नाव काढून ठेवलं होतं. संध्याकाळी अक्का दारात गेल्या आणि एकच हाक ऐकू आली. "दगडूऽऽऽ!" परत आत आल्या. म्हणाल्या, "हाई चालस." मी रडले, जेवले नाही, नवऱ्याला म्हटलं, मी काय पाटा-वरवंटा जन्माला घातलाय? नवरा बिचारा बहिणीपुढे काय बोलणार. पुढे कळलं की आमच्याकडे मुलं वाचत नसली की पुढच्याला मुद्दाम ओबडधोबड नाव देतात. दगडू, धोंडू, उकिरडा, भिका. चांगल्या नावाला नजर लागते, दगडाकडे कोण बघतं? शाळेत मी हट्टाने प्रियदर्शनच लावलं. तो आज केळीच्या व्यापारात आहे आणि अख्खं जळगाव त्याला दगडूभाऊ म्हणतं. प्रियदर्शन फक्त विजेच्या बिलावर राहतो.

रेवती या दगडूची मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. कोणी मोडलं, का मोडलं, ते इथे नको. नोकरी घरूनच करायची, त्यामुळे तिला बाहेर पडायचं कारणही उरलं नाही. जेवायला यायची, ताटाकडे बघायची, जायची. अख्ख्या दिवसात तिच्या तोंडून "हो", "नको" आणि "झालं" याशिवाय शब्द नाही. बोलायची ती फक्त त्या कॉम्प्युटरवर, तेही लिहून. ठिकठिकाणची पोरं-पोरी मिळून एक खेळ खेळत. एक खोटं गाव, सातपुड्याच्या पायथ्याशी कुठेतरी. प्रत्येकाने त्या गावातलं एक पात्र व्हायचं आणि त्या पात्राच्या तोंडून लिहायचं. कोणी पाटील, कोणी पारावरचं भूत, कोणी स्टँडवरचा चहावाला. खरं नाव कोणी कोणाला विचारायचं नाही. पाटील झालेली ही साक्रीकडची नर्सिंग शिकणारी मुलगी आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तोपर्यंत मी त्या पाटलाचा धाक धरून बसले होते.

असं गाव रेवतीने आधी दोनदा वसवलं होतं. पहिल्याचं नाव चांदणवेल, दुसऱ्याचं नक्षत्रवन. पहिलं भांडणात मोडलं, दुसऱ्यात माणसं येईनाशी झाली आणि ते नुसतंच निजल्यासारखं गेलं. त्या वेळी ती दोन दिवस उठली नव्हती. आता तिसरं उभं केलं होतं, माणसं जमली होती, पण नाव ठरत नव्हतं. पडद्यावर वरती "नाव ठेवायचं आहे" एवढंच लिहिलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "हेही गेलं ना आजी, तर मी परत काही करणार नाही." आवाज असा सपाट, की ती गावाबद्दल बोलत नाहीये हे मला लगेच कळलं. त्या दिवसापासून मी रात्री तिच्या खोलीच्या दाराशी कान लावून झोपायला लागले.

गेल्या थंडीत अक्का मोतीबिंदू काढायला जळगावला आमच्याकडे आल्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधुक, आणि तोंड मात्र शाबूत. जेवताना नावाचा विषय मीच काढला, कारण मला वाटलं माझ्या अकरावीचा इथे उपयोग होईल. मी सुचवलं स्वप्नगंधा. मग शब्दसृष्टी. मग कल्पनानगरी. अक्का भाकरी मोडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "गाव शे का साडीसनं दुकान?"

रेवतीच्या ओठाचा कोपरा हलला. मी तो बघितला आणि चिडायचं विसरले.

"अक्काआजी, मग तू ठेव ना नाव," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी एवढं लांब वाक्य.

"ठेवसू ना. मना मानच शे तो. पन आधी त्यानं तोंड तं दखाड. तोंड न देखता नाव कसं ठेवसू?"

तोंड दाखवणार कसं, डोळ्यावर पट्टी. मग रेवतीने वाचून दाखवायला सुरुवात केली. रोज दुपारी अक्का पलंगावर उशीला टेकून बसत आणि ती पोर, जिच्या तोंडून शब्द निघत नव्हता, ती तासन्‌तास मोठ्याने वाचायची. पाटील काय म्हणाला, भुताने कोणाला धरलं, चहावाल्याने उधारी कशी नाकारली. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि गॅस उगाच मंद करून ठेवायचे, फोडणीचा आवाज आड येऊ नये म्हणून. चार-पाच दिवस ऐकून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "यान्या आधी कितल्या गया?"

"दोन," रेवती म्हणाली.

"नावं काय व्हतात?"

तिने सांगितली. अक्कांनी पट्टीआडून माझ्याकडे तोंड वळवलं, जणू ती नावंही मीच ठेवली होती. "मंग आते चांगलं नाव नको. हाई जगाले जोयजे."

मी म्हटलं, जगायला हवं तर मग उकिरडा ठेवा आणि मोकळ्या व्हा! त्यावर त्या रागावल्या. वाईट नावही शोधावं लागतं म्हणाल्या, ते काय रस्त्यावर पडलेलं असतं? आणि मग जे बोलल्या ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "यमले नको वाटाले जोयजे, आन् मायना तोंडमा गोड लागाले जोयजे. दोन्ही." ज्या बाईला स्वतःचं मूल नाही, तिने सगळ्यांच्या मुलांसाठी दारात उभं राहून हेच शोधलं होतं... आणि मी कणगीमागे कानांत बोटं घालून बसले होते. केवढी हुशार होते मी!

तोंड बघायचं तर गावात जायला हवं, असं त्यांनी जाहीर केलं. रेवतीने विचारलं, कोण होणार? अक्का म्हणाल्या, "मी म्हैस व्हसू."

"अगं, माणूस व्हायचं असतं."

"का? गावमा म्हैस नही ऱ्हास का? तठे बठ्ठा बोली ऱ्हायनात, ऐकी कोनी नही ऱ्हायनं."

अशा त्या म्हैस झाल्या. नाव भुरी. पाराजवळ बांधलेली. रेवती विचारायची, आता भुरी काय करते? अक्का सांगायच्या, "कान हालावस." रेवती लिहायची, भुरी कान हलवते. बस. पण काय झालं कोण जाणे, एकेक जण त्या म्हशीपाशी येऊन बसायला लागला. पाटील रात्री चावडी सुटल्यावर तिला सांगायचा की मला हे पाटीलपण झेपत नाही. भूत म्हणायचं, मला भीती वाटते. खेळातलं किती आणि खरं किती, ते वाचतानाच कळायचं. भुरी कान हलवायची. कधी शेपूट. एकदा मात्र चहावाल्याने फार वाईट काही लिहिलं, स्वतःला संपवण्याबद्दल. अक्का पलंगावर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "लिख. भुरी उठनी. त्याना आंगवर आंग टेकीसन उभी ऱ्हायनी. सकायलोंग हालनी नही." ती पोर डोळे पुसत लिहीत होती, भुरी सकाळपर्यंत हलली नाही. मग त्या पोराचा खरा फोन नंबर शोधून, त्याच्या घरच्यांशी बोलेपर्यंत दोघी जागच्या उठल्या नाहीत. तो आता बरा आहे.

डोळा बरा झाल्यावर अक्का धुळ्याला परत गेल्या. जाताना रेवतीने विचारलं, नाव? म्हणाल्या, आखाजीला येईन तेव्हा रीतसर बारसं करू, तोवर मला हाका मारून बघू दे. मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याना कान कोठे शे ते देखी ठेव. नाव कानमा सांगनं पडस." त्यानंतर रोज संध्याकाळी रेवती त्यांना फोन करायची, गावातलं वाचून दाखवायची, भुरीने काय करायचं ते विचारायची. नावाचं विचारलं की उत्तर एकच, "पिकाले लागनं. घाई नको." ती आता जेवताना ताटाकडे नाही, आमच्याकडे बघायला लागली होती. दगडूने एकदा हळूच मला विचारलं, "माय, पोरगी बरी होतेय ना?" मी त्याला गप्प केलं. चांगलं मोठ्याने बोलायचं नसतं, हे एव्हाना मीही शिकले होते.

आणि मग तो फोन.

रेवतीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. कॉम्प्युटरकडे वळली, काही वेळ त्या वरच्या ओळीकडे बघत राहिली आणि त्याचं झाकण मिटलं. धुळ्याला अंत्ययात्रेला आली नाही. दोन-चार दिवसांतच ती पुन्हा "हो", "नको", "झालं" वर गेली. गावात मात्र भुरी दिसेना म्हणून शोध सुरू झाला होता. हे मला कसं कळलं? तिच्या मागे उभी राहून चोरून वाचलं. तिने झाकण उघडलं होतं, पण लिहीत काही नव्हती. पाटलाने चारी दिशांना माणसं पाठवली होती. भूत पारावरून उतरून नदीकाठी गेलं होतं. चहावाल्याने लिहिलं होतं, दुकान बंद, मी भुरीला बघायला जातो. सगळं गाव अंधारात हाका मारत हिंडत होतं आणि माझी नात उत्तर देत नव्हती. मी म्हटलं, "सांग ना त्यांना." ती म्हणाली, "काय सांगू? नाव न ठेवताच गेली ती. हे गाव आता असंच राहील थोडे दिवस... मग जाईल."

दहाव्याला मी तिला ओढत देवपूरला नेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती बसमध्ये बसली, खिडकीकडे तोंड करून. अक्कांच्या दोन खोल्या पाहुण्यांनी भरल्या होत्या. सगळं आवरल्यावर मंगलबाई आमच्याजवळ येऊन बसल्या. पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "शेवटी शेवटी जरा भ्रमिष्टासारखं झालं होतं हो त्यांना. सांज झाली की दारात उभ्या राहून हाका मारायच्या. आधी रोज वेगळ्या. एक दिवस कोंडा, एक दिवस चिपाड. आम्हाला वाटलं मांजर पाळलंय की काय. आमचे हे म्हणाले, अक्का, कोणाला बोलावता? तर म्हणे, येईल ते ओळखीचं होईल."

रेवतीने मान वर केली. "आणि शेवटी?"

"शेवटी आठ-दहा दिवस एकच. खापरी. 'खापरीऽऽ, घर येऽऽ!' पार पुलापर्यंत ऐकू जायचं. एवढ्या वयात काय आवाज हो! आणि हाक मारून आत आल्या की हसायच्या."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अक्कांचं खापर पालथं ठेवलेलं होतं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, एका बाजूने उघडं, वर्षानुवर्षांच्या काजळीने काळं. रस्त्यात टाकलं तर चोरसुद्धा उचलणार नाही असं. मी त्याच्याकडे बघितलं, रेवतीने माझ्याकडे. ते नाव मी ओठांतल्या ओठांत घेतलं, जीभ गोड झाली, आणि मग मला रडू आलं ते आवरेना. मंगलबाईंना वाटलं, त्या भ्रमिष्ट म्हणाल्या म्हणून मला लागलं. त्या माझी समजूत घालत राहिल्या.

ते खापर आम्ही मांडीवर घेऊन जळगावला आणलं. एका बाजूने मी धरलं, एका बाजूने रेवतीने.

आखाजी आली. जिच्यासाठी झोका बांधायचा, तिच्यासाठी पितरांची घागर भरली. दोर मी काढून ठेवला. संध्याकाळी रेवतीने पाटावर माझं जरीचं पातळ अंथरलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि म्हणाली, "आजी, तूच सांग." बोलायचं छिद्र कुठे असतं ते तिने दाखवलं. त्या छिद्राला तोंड लावून, माझ्या मूर्खपणाची कमाल बघा, मी खरोखर कुर्र केलं आणि नाव सांगितलं. तिने वरची ओळ पुसली. तिथे लिहिलं, खापरी. त्याखाली गावाला एवढंच कळवलं, की भुरी आता येणार नाही, जाताना नाव ठेवून गेली. नंतर चहावाल्याचं आलं. त्याने लिहिलं होतं, पाराजवळचा खुंटा कोणी काढू नका.

पण अक्कांची रीत अर्धीच झाली होती. मी उठले, गॅलरीत गेले. खाली संध्याकाळची वर्दळ, समोरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढणारी सून, कोपऱ्यात ते काळं खापर. कणगीमागे लपलेली ती अकरावी पास बया आठवली. तिला म्हटलं, बस तिथेच, कानांत बोटं घाल. आणि कठड्याला धरून, छातीत होती तेवढी हवा काढून हाक मारली. "खापरीऽऽऽ, घर येऽऽऽ!" खालचा स्कूटरवाला थांबून वर बघायला लागला. समोरची सून कपडे धरून तशीच उभी राहिली. आवाज चौकापर्यंत गेला, आणि मग काही नाही. कोणीच येणार नव्हतं. हे अक्कांना आयुष्यभर माहीत होतं आणि तरी त्या दारात उभ्या राहत होत्या... ते त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या पोटात उतरलं.

मी वळणार, तेवढ्यात आतून, अंधाऱ्या खोलीतून, रेवती म्हणाली,

"ओ."